आतला टायर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आंबा घाट उतरताना आमच्या टाटा ४०७ ट्रकचा मागचा डावा टायर फुटला. मागं दोन्ही बाजूंना टायरांची जोडी असते, त्यातला बाहेरचा. गाडीत पशुखाद्याची पोती होती, साखरप्यात थोडी उतरवून पुढं देवरुखला द्यायची होती. पाऊस असा, की समोरची एसटी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नव्हती. आमचे ड्रायव्हर मामा माझ्या वडिलांच्या काळापासून या गाडीवर आहेत. आवाज झाला तसं त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, ब्रेक मारला नाही, गियरवरच गाडी हळू केली आणि डोंगराच्या अंगाला लावली. कुणाला काही झालं नाही. पण त्या पावसात जॅक लावून स्टेपनी चढवताना मी ठरवलं, की गुळाचा सीझन सुरू व्हायच्या आत सहाच्या सहा टायर बदलायचे आणि या खेपेला नीट समजून घेऊन बदलायचे.

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. त्या सुमाराला गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि गाडीला उसंत मिळत नाही. तीस किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, शंभर रवे भरले की तीन टन. गुऱ्हाळापासून डांबरीपर्यंत पाणंद, तिथून यार्ड. सीझन संपला की शिरोलीच्या फौंड्रीचा माल, नाहीतर कोकणात पशुखाद्य. चिखल, हायवे आणि घाट असं तिन्ही त्याच सहा टायरांना सोसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टायर घेऊन आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या अण्णाकडं गेलो. माणूस केरळचा, पण इतकी वर्षं इथं काढली आहेत की बोलणं पक्कं कोल्हापुरी. फुटलेल्या टायरवर त्यानं नुसता हात फिरवला आणि बाजूला ठेवला. मग त्याच जोडीतला आतला टायर खोलला. ट्यूब बाहेर काढली तर आत काळी भुकटी, आणि कडेला गोल फिरलेला घासल्याचा पट्टा.

"सावकार, फुटलाय ह्यो, पण दोष त्याचा हाय," तो म्हणाला. "ह्यात पुरती हवाच नव्हती. कवापास्नं?"

कधीपासून ते मला सांगता आलं नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला बाहेरून हवा भरता यावी म्हणून जी लांब नळी जोडतात, ती उन्हाळ्यातच तुटली होती. मामांनी मला सांगितलंही होतं. मी "करू" म्हटलं आणि राहून गेलं. तेव्हापासून आतल्या टायरची तपासणी म्हणजे मामांनी टॉमीनं, म्हणजे लोखंडी कांबीनं, ठोकून आवाज ऐकायचा. पण ठोकून फक्त टायर पूर्ण बसलाय का एवढंच कळतं. वीस पौंड हवा कमी असलेला टायरही चांगलाच वाजतो. हे अण्णानं मला दोन टायर शेजारी ठेवून, ठोकून आणि मग गेज लावून दाखवलं. मला आवाजात काहीच फरक कळला नाही. मामांनाही कळला नाही, आणि ते बराच वेळ गप्प राहिले.

पुढच्या फेरीला मी माल भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली आणि आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घेतलं, मग फक्त मागची. काटेवाला म्हणाला, असं कुणी करत नाही. पण टायर निवडायचा तर एकूण वजनाचा उपयोग नाही, कुठल्या चाकावर किती येतं ते लागतं. पुढं १,८२० किलो निघाले, मागं ३,७४०. मागच्या चार टायरांत वाटले तर प्रत्येकाला ९३५. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नव्या टायरच्या बाजूला १२२/११८ असा आकडा असतो, त्यातला पहिला टायर एकटा असताना आणि दुसरा जोडीत असताना किती भार पेलतो ते सांगतो. १२२ म्हणजे १,५०० किलो, ११८ म्हणजे १,३२०. जोडीतला आकडा कमी, कारण जोडीत भार कधीच समसमान वाटला जात नाही आणि दोघांमध्ये वाराही नीट खेळत नाही. आता मागच्या भारातला डाव्या बाजूचा निम्मा धरा, १,८७०. आतला टायर पेलत नसेल तर सगळा भार बाहेरच्यावर. १,५०० च्या टायरवर १,८७०, आणि तेही घाटाच्या वळणावर. तो टायर त्या दिवसापर्यंत टिकला हेच जास्त होतं. वर्षभर मी त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली असती, आणि चूक माझी होती.

मग दुकानं फिरायला लागलो. आमच्या गाडीचं माप ७.५० आर १६, म्हणजे साडेसात इंच रुंद आणि सोळा इंची रिमचं, ताकदीला सोळा प्लायचं. पहिल्याच दुकानात सल्ला मिळाला, "मागं ८.२५ टाका, गाडी उचलून धरते, माल पण जास्त बसतो." हा सल्ला आमच्याकडं बरेच जण देतात आणि बरेच जण ऐकतातही. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण एकेरी चाकाला मोठा टायर घालणं वेगळं आणि जोडीला घालणं वेगळं. दोन रिममधलं अंतर ठरलेलं असतं. टायर रुंद झाला की दोघांमधली फट कमी होते. रिकाम्या गाडीत ती दिसते, पण माल भरला की टायर खाली फुगतात आणि एकमेकांना घासायला लागतात. घासले की तापतात. शिवाय ८.२५ ला रिमही जास्त रुंद लागते. आणि गाडीचा ॲक्सल, पाटे, ब्रेक तेच राहणार, आरसीवरचं वजनही तेच. टायर मोठा घातला म्हणून गाडी मोठी होत नाही. मी ७.५० वरच राहायचं ठरवलं.

दुसरा सल्ला अर्ध्या खर्चाचा होता. चार टायर अजून चालतील, दोनच नवे घ्या, डावीकडची जोडी एक नवा एक जुना अशी लावा. यावर मी एक संध्याकाळ वही घेऊन बसलो. जोडीतले दोन टायर एकाच हबला बोल्टनं आवळलेले, त्यामुळं दोघांचे फेरे सारखेच होणार. पण नव्याचा घेर मोठा, घासलेल्याचा लहान. आमच्या मापाच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चारशे फेरे. या मापात जोडीतल्या व्यासाचा फरक पाव इंचापर्यंत, म्हणजे सहा मिलिमीटरपर्यंत चालतो असं टायरवाले मानतात. तेवढ्या फरकानंही घेरात एकोणीस मिलिमीटर पडतात. चारशे फेऱ्यांना साडेसात मीटर. दर किलोमीटरला एक टायर दुसऱ्यापेक्षा साडेसात मीटर जास्त चालू पाहतो आणि ते जमत नाही म्हणून दोघांपैकी एकजण रस्त्यावर फरफटत जातो. ही चालणाऱ्या फरकाची गोष्ट. नवा आणि नक्षी झिजून गोटा झालेला एकत्र लावला तर फरक याच्या दुप्पट-तिप्पट होतो. मोठा टायर भार घेतो आणि तापतो, लहान टायर घासून संपतो. वाचवलेले पैसे दोन्हीकडून जातात.

तेव्हापासून मी गाडीत शिंप्याची टेप ठेवतो. हवा भरलेल्या टायरच्या मधोमध नक्षीवरून गुंडाळायची आणि घेर वहीत लिहायचा. दोनमध्ये थोडा फरक असेलच तर लहान घेराचा टायर आत लावायचा. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळं आतल्या टायरवर तसाही भार जास्त येतो. आत मोठा टायर लावला तर त्याच्यावर दुप्पट अन्याय.

नायलॉन, म्हणजे तिरक्या धाग्यांच्या थरांचा जुन्या धाटणीचा टायर, की आडव्या धाग्यांचा रेडियल, यावर मात्र माझं पटकन ठरत नव्हतं. मामा नायलॉनचे. त्यांचं म्हणणं असं, की नायलॉनची बाजू जाड, पाणंदीतला दगड लागला तरी लवकर कापत नाही, आणि कापला तरी कुठल्याही गावात दुरुस्त होतो. हे खरं आहे. रेडियलची बाजू नरम, तिला कडेचा दगड सोसत नाही. पण रेडियल कमी तापतो, हायवेला जास्त चालतो, आणि सांगाडा चांगला राहिला तर रिमोल्ड करून, म्हणजे वर नवं रबर चढवून, पुन्हा वापरता येतो. आमच्या वर्षभराच्या फेऱ्या मांडल्या तर पाणंद अंतरानं अगदी थोडी, बाकी सगळं डांबर आणि घाट. जो रोज खाणीत किंवा ऊसतोडीच्या फडात गाडी घालतो, त्याला मी आजही नायलॉनच घे म्हणेन. मी रेडियल घेतले. मामा नाराज झाले, पण त्यांनी एक अट घातली आणि ती अगदी बरोबर होती: घेणार असशील तर सहाही रेडियल घे, एका जोडीत नायलॉन आणि रेडियल शेजारी लावायचे नाहीत. दोघांची दबण्याची रीत वेगळी, त्यामुळं भार सारखा वाटला जात नाही.

नक्षीचं लवकर ठरलं. पुढं सरळ रेघांचा रिब टायर, कारण तो वळायला हलका. मागं पूर्ण लग, म्हणजे आडव्या जाड ठोकळ्यांचा, घेतला तर चिखलात झकास, पण हायवेला आवाज करतो आणि लवकर झिजतो, म्हणून दोन्हीच्या मधला सेमी-लग.

खरेदीला थोडा थांबलो, कारण टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के होणार हे जाहीर झालं होतं. मूळ किमतीच्या हजारामागं शंभर रुपये, आणि सहा टायर म्हटल्यावर ती रक्कम लहान नव्हती. तोपर्यंत गाडी घाटात नेली नाही, गावातल्या गावात हलका माल मारला. घटस्थापना त्याच दिवशी होती. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन एका दुकानात गेलो तर दुकानदारानं दर आणखी खाली आणला. टायर उभे करून मी बाजूचे आकडे वाचले. शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. चार टायर २०२५ चे, दोन २०२२ चे, ३८२२ लिहिलेले. म्हटलं, हे दोन बदलून द्या. तो म्हणाला, "मालक, नवाच हाय की, रस्त्यावर गेलेला न्हाई." टायर दुकानात नुसता पडून असला तरी रबर म्हातारं होतं, आणि मला जोडीत तीन वर्षांचं अंतर नको होतं. तिथून उठलो. दुसरीकडं सहाही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे जोडीदार, दोन-तीन आठवड्यांच्या आतबाहेर बनलेले मिळाले. आयएसआयचा शिक्का बघून घेतला. ट्यूब आणि फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी, हेही नवीनच घेतले. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. जुन्यातले दोन सांगाडे धड होते, ते रिमोल्डला टाकले. एक स्टेपनी, एक घरात. पुढच्या ॲक्सलला रिमोल्ड लावायचा नाही, हा वडिलांचा नियम अजून पाळतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अण्णाकडं सहाही चाकं बसवली. दोन रिम जिथं एकमेकांना टेकतात तिथला गंज आणि रंग त्यानं तारेच्या ब्रशनं घासून काढला, म्हणाला, मधे रंगाचा थर राहिला की तो चेपतो आणि नट ढिले पडतात. आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह समोरासमोर येतील असं चाक फिरवून लावलं, म्हणजे दोन्हीपर्यंत हात जातो. नवीन नळ्या घातल्या आणि त्या हलू नयेत म्हणून क्लिपा. नट समोरासमोरचे आवळले. निघताना बजावलं, "ऐंशी-शंभर किलोमीटर झालं की परत आवळून घ्या, सावकार, विसरू नगा." दुसऱ्या दिवशी पूजा झाली, टायरांना झेंडूच्या माळा घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी मामा गाडी घेऊन निपाणीला जाऊन आले. परत आल्यावर नट आवळले तर दोन नट खरंच पाव-पाव आटा फिरले.

आता गाडीत एक गेज आहे आणि एक वही. वहीत सहा रकाने. दर सोमवारी पहाटे, टायर थंड असताना, मामा हवा बघतात. घाट उतरून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून ती सोडायची नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. माल उतरला की जोडीच्या मधे दगड अडकलाय का ते बॅटरी मारून बघायचं, आणि अडकला असेल तर तिथंच काढायचा.

डिसेंबरात पहिल्यांदा परत आंबा घाटात जायचं होतं. पहाटे साडेचारला मी यार्डात पोचलो तेव्हा मामा आधीच गाडीखाली वाकले होते. टॉमी केबिनमध्येच होती. डावा आतला त्यांनी तीनदा बघितला, नळी हलवून बघितली, आणि मग मला आकडा सांगितला. बाहेरच्यापेक्षा एक पौंड कमी. मी लिहून घेतला. त्यांनी हवेच्या मशीनची नळी ओढून आणली, तो एक पौंड भरला, आणि मग आम्ही पोती मोजायला लागलो.