चौथीची ट्रिप राणीच्या बागेत: झाडं आधी, पेंग्विन शेवटी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आमच्या चौथीच्या वर्गाला घेऊन मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन आले. ३६ मुलं, मी धरून सहा मोठी माणसं (दोन शिक्षिका, शाळेच्या मावशी आणि तीन पालक), ठाण्याहून एक बस. मागच्या वर्षीही गेलो होतो आणि तेव्हा जे जे चुकलं ते यावेळी टाळलं, तर म्हटलं लिहून ठेवावं, कोणाला शाळेची नाहीतर सोसायटीच्या मुलांची ट्रिप काढायची असेल तर कामाला येईल.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. आत शिरल्या शिरल्या मुलं पेंग्विन पेंग्विन करून ओरडायला लागली आणि आम्ही पण मेंढरासारखे तिकडेच गेलो. लाईन. लाईनीत अर्ध्या तासानंतर पहिल्याला सू लागली, एकाला लागली की दहाजणांना लागते हे शिक्षकांना सांगायला नको. आत काचेसमोर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली आणि बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर, मुलं भुकेली, झाडांचं कोणाला काही पडलेलं नाही. त्यात मी वीस प्रश्नांची वर्कशीट छापून नेली होती, ती एकीने पाटी बघून भरली आणि बाकीच्यांनी तिची बघून भरली. घरी येऊन मला वाटलं यापेक्षा मॉलमध्ये नेलं असतं तर एसी तरी मिळाला असता.

यावेळी ठरवलं, पाच झाडं बघायची, फक्त पाच, आणि मग वेळ उरला तर प्राणी. लोक विसरतात पण ही बाग आधी झाडांची, मग प्राण्यांची. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन म्हणून उघडली, म्हणजे दीडशे वर्षांच्या वर झाली, आणि देशोदेशीची झाडं इथे मुद्दाम आणून लावलीयेत. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण रिक्षावाल्याला राणीची बाग म्हटलं तरच कळतं. भायखळा हे नावसुद्धा झाडावरून आलं म्हणतात, भाया म्हणजे बहावा आणि त्याचं खळं. हे मी बसमध्ये सांगितलं तर एकाने लगेच विचारलं मग घाटकोपर कशावरून, तिथे माझं ज्ञान संपलं.

जाण्याआधीचं महत्त्वाचं: बुधवारी बाग बंद असते. हसू नका, बुधवारची बस बुक करून बसलेले लोक मला माहितीयेत. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी तर डोक्यातूनच काढून टाका, मंगळवार किंवा गुरुवार बरा. गेट साडेनऊला उघडतं, आम्ही सव्वानऊला दारात होतो आणि पहिला तासभर बाग जवळजवळ आमचीच होती, अकराच्या पुढे गर्दी वाढते. आम्ही गेलो तेव्हा तिकीट मोठ्यांना ५० आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये होतं, चौघांच्या कुटुंबाला १००. शाळेचा ग्रुप असेल तर मुलांची संख्या लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र बरोबर असू द्या, खिडकीवर बोलणं सोपं जातं. आणि एक शिक्षक आठवडाभर आधी एकटा जाऊन या. मी गेले होते, कुठलं झाड कुठे, टॉयलेट कुठे, सावली कुठे, सगळ्याचे फोटो काढून आमच्या सहाजणांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकले, त्याचा जो उपयोग झाला तो वर्कशीटचा कधी झाला नाही.

बसवाल्याला नीट समजावून सांगा की गेटच्या बाजूलाच उतरवायचं. आमच्या ड्रायव्हरने समोरच्या बाजूला थांबवली, त्या रस्त्यावरून ३६ मुलं पलीकडे न्यायची म्हणजे, मावशी हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. मोठी मुलं असतील आणि कमी असतील तर ट्रेनने या, भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटं, पण चौथीला घेऊन सकाळच्या लोकलमध्ये मी तरी चढणार नाही.

आत गेल्यावर सगळ्यात आधी सगळ्यांना टॉयलेट, लागली असो नसो. मग सहा-सहाचे गट, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस आणि गटाला झाडाचं नाव. वड, पिंपळ, आंबा, फणस, चिंच, जांभूळ. फणसात कोणी जायला तयार नव्हतं, शेवटी मी स्वतः फणस घेतला. शिट्टी नेऊ नका, प्राणी आहेत तिथे, आम्ही टाळ्यांची खूण ठेवली होती, तीन टाळ्या वाजल्या की गटाने यायचं.

पहिलं झाड गोरखचिंच. फेब्रुवारीत त्याला पान नसतं, नुसता हत्तीच्या पायासारखा बुंधा आणि वर मुळांसारख्या दिसणाऱ्या फांद्या. मी काही बोलायच्या आधीच एकजण म्हणाला, "टीचर, हे उलटं लावलंय." मूळ आफ्रिकेचं झाड, लाकूड मऊ आणि बुंध्यात पाणी साठवून ठेवतं, तिकडच्या कोरड्या महिन्यांत कामी येतं. मग हातात हात धरून बुंध्याला मिठी मारायला लावली, सात मुलं लागली आणि तरी आठव्याचा एक हात पुरवावा लागला. हे मोजमाप त्यांना अजून पाठ आहे. सात मुलं आणि एक हात.

त्यानंतर कैलासपती, आणि खरं तर ट्रिप इथेच वसूल झाली. या झाडाला फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट बुंध्यातून सुतळीसारखे देठ फुटतात आणि त्यावर येतात. वर्कशीटऐवजी मी यावेळी एकच प्रश्न दिला होता, बुंध्यावर फुलं येणारं झाड शोधा, आणि जांभूळ गटाने लांबूनच ओरडून सांगितलं. खाली फुलं पडलेली होती, प्रत्येकाने एकेक उचललं. जाड गुलाबी पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा फणा वाकलेला आणि त्याच्या खाली बारकी पिंड, म्हणून तर शिवलिंगाचं फूल म्हणतात आणि म्हणून सगळ्यांना वाटतं झाड आपलंच. मूळ दक्षिण अमेरिकेचं आहे! एका मुलीला हे अजिबात पटलं नाही, म्हणाली आमच्या गावच्या देवळात आहे. मी म्हटलं मिरची पण तिकडूनच आलीये आणि तुझ्या आईच्या ठेच्यात आहे, तेव्हा गप्प झाली, पण पटलेलं दिसत नव्हतं. एक काळजी घ्या, याची फळं तोफगोळ्याएवढी आणि चांगली जड असतात, मुलांना बरोबर खाली उभं करू नका, आणि फळ फुटलं असेल तर वास इतका वाईट येतो की पूर्ण गट पळतो.

सीताअशोक मुद्दाम घ्या. शाळेच्या गेटजवळ जो उंच सरळसोट अशोक असतो तो खरा अशोक नाही हे सांगितल्यावर मुलांना फसवल्यासारखं वाटतं, आणि खरा सीताअशोक नारिंगी गुच्छांनी भरलेला बघितला की मग ती सगळीकडे खरा की खोटा विचारत सुटतात. उर्वशी म्हणजे बागेची हिरॉईन, ब्रह्मदेशातून आलेली, झुंबरासारखी लाल-पिवळी फुलं. पण मुलांना फुलांपेक्षा तिची नवीन पानं आवडली, तांबूस आणि ओल्या रुमालासारखी लटकलेली, सगळ्यांना वाटलं झाड आजारी आहे, मी सांगितलं काही दिवसांत ताठ आणि हिरवी होतात. पाचवा नुसता वड, पारंब्या बघायला, तिथे जुन्या वर्तमानपत्रावर मेणाच्या खडूने खोडाचे ठसे घेतले. खडू घासायचा हा कार्यक्रम सगळ्यात शांततेत झाला, वीस मिनिटं कोणी कोणाला मारलं नाही.

नियम एकच ठेवा, जे खाली पडलंय तेच उचलायचं, तोडायचं काही नाही.

डबा अकराला, अर्धा तास. डबे आणि बाटल्या स्टीलच्या सांगा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवायला लावा. कावळे लक्ष ठेवून असतात, एकाची अख्खी पोळी गेली आणि तो रडण्याऐवजी दिवसभर तेच सांगत फिरला.

प्राणी मग भराभर केले. पाणघोड्याने जांभई दिली तेवढ्यात निम्मी ट्रिप खूश. पेंग्विन शेवटी. हे हम्बोल्ट पेंग्विन, २०१६ साली सेऊलहून आणले, आणि ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नाहीत. हे लाईनीत उभं असतानाच सांगून ठेवा, नाहीतर आत गेल्यावर "बर्फ कुठेय" एवढंच ऐकू येतं. शेवटी ठेवण्याचा फायदा असा की लाईन असेल तर मुलं दमलेली असतात, गुपचूप उभी राहतात, आणि उशीर झाला तर ते सोडून निघता येतं.

भाऊ दाजी लाड म्युझियम आवारालाच लागून आहे, छान आहे, पण त्याच दिवशी करू नका, जीव जातो. फक्त त्याच्या बाहेरचा दगडी हत्ती दाखवा. हा घारापुरीचा हत्ती, याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज इंग्लंडला न्यायला निघाले आणि उचलताना तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो घोडापण बागेतच आहे बरं का, सातव्या एडवर्डचा पुतळा. नाव तिकडे फोर्टात राहिलं आणि घोडा इकडे आला, यावर आमच्या बसमध्ये लालबागचा पूल येईपर्यंत वाद चालू होता. परतीच्या बसमध्ये उलटीवाल्यांना पुढे बसवा आणि लिंबू जवळ ठेवा, आम्हाला दोनदा लागलं.

बुधवारी सकाळी वर्गात शिरले तर कसलातरी गोडसर कुजका वास. तिसऱ्या बाकावरच्या त्याच मुलीची कंपासपेटी उघडली तर आत कैलासपतीचं फूल, काळं पडलेलं, आणि कर्कटकाला पाकळ्या चिकटलेल्या. म्हणाली, आजीला दाखवायचंय, ती सांगेल कुठलं आहे ते.