शेळीची कास पाहताना गाईचे माप बाजूला ठेवावे

व्यालेली शेळी मागचा एक पाय फाकवून किंवा ओढून चालू लागली, की बहुतेक पाळणारे आधी तिचे खूर पाहतात. माझा हात आधी कासेकडे जातो. कासेची एक बाजू दुखत असेल, तर मांडी तिला घासू नये म्हणून शेळी पाय बाहेर टाकून चालते, करडू तोंड लावायला आले की त्याला झिडकारते आणि उपाशी करडू दिवसभर ओरडत राहते. दुधात गाठी दिसण्याच्या कितीतरी आधी ही लक्षणे डोळ्यांसमोर असतात. आमच्या संगमनेर-अकोले भागात ज्याला ‘दगडी’ म्हणतात तो कासदाह, म्हणजे कासेची सूज, शेळीमध्ये गाईपेक्षा वेगळा वागतो, आणि आपल्याकडचे बहुतेक सल्ले, चाचण्या व औषधे गाई-म्हशींसाठी तयार झालेली आहेत, ही गोष्ट शेळी पाळणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवली पाहिजे.

शेळीच्या कासेला दोनच बाजू आणि दोनच सड असतात, त्यामुळे तपासणीचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एका बाजूची दुसरीशी तुलना करणे. धार काढून कास रिकामी झाल्यावर दोन्ही तळहात दोन बाजूंवर एकाच वेळी ठेवावेत. निरोगी बाजू सैल, मऊ आणि शरीराइतकीच उबदार लागते. एक बाजू जास्त गरम, कडक किंवा लालसर असेल, आत गाठ लागत असेल, किंवा दोन्हींच्या आकारात आदल्या दिवसापर्यंत नसलेला फरक दिसत असेल, तर शंका घ्यावी. त्यानंतर प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या वाटीत काढून पाहाव्यात. पांढऱ्या भांड्यात बारीक गुठळ्या नजरेतून सुटतात. पाणचट, पिवळसर किंवा गाठी असलेले दूध हे उघड लक्षण आहे. व्याल्यानंतर पहिल्या काही दिवसांत दुधाला आलेली फिकट गुलाबी छटा मात्र पुष्कळदा बारीक रक्तवाहिन्या फुटल्याने येते आणि आपोआप जाते. कास मऊ असेल व शेळी नीट खात असेल, तर तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. दोन्ही बाजू व्याल्याबरोबर दगडासारख्या कडक आहेत, पण ताप नाही, कास गरम नाही आणि दूध जेमतेम उतरते, असे असेल तर सीएई या विषाणूजन्य आजाराचाही विचार करावा लागतो. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत.

कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे तबकडीत दूध व द्रावण समप्रमाणात घेऊन ते घट्ट होते का हे पाहण्याची चाचणी, उपयोगी आहे. परंतु तिचा अर्थ लावताना गाईचे माप वापरले, तर निरोगी शेळ्याही आजारी ठरतात. शेळीच्या दुधात पेशी आणि पेशींचे सुटे कण मुळातच जास्त उतरतात, आणि वेत संपत येताना ते आणखी वाढतात. अमेरिकेत विक्रीच्या ‘ए’ दर्जाच्या दुधासाठी कायिक पेशींची (शरीरातून दुधात उतरणाऱ्या पेशींची) कमाल मर्यादा गाईसाठी मिलिलिटरला साडेसात लाख आणि शेळीसाठी पंधरा लाख आहे, ती याच कारणाने. म्हणून दोन्ही बाजूंचे दूध किंचित घट्ट झाले तर मी औषधाकडे वळत नाही. एकच बाजू चिकट जेलीसारखी झाली आणि दुसरी पातळ राहिली, तर मात्र ती बाजू आजारी धरतो.

शंका आल्यावर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावरूनही मदत मागता येते. ते येईपर्यंत शेळीचा ताप गुदद्वारातून मोजून ठेवावा (साधारण १०२ ते १०३ फॅरेनहाइट हा नेहमीचा असतो), दुखऱ्या बाजूचे दूध पुन्हा पुन्हा हलक्या हाताने काढावे, आणि ते गोठ्यात न सांडता भांड्यात घेऊन लांब टाकावे. प्रतिजैविक टोचण्यापूर्वी दुधाचा नमुना घेणे सर्वांत महत्त्वाचे. सडाचे टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत घेतलेला नमुना बर्फावर ठेवला, तर कोणता जंतू आहे व त्याला कोणते औषध लागू पडेल हे प्रयोगशाळेत कळू शकते. दुकानातून आणलेली गाईची ट्यूब अर्धी-अर्धी दोन सडांत सोडण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. एका सडाचा जंतू दुसऱ्यात नेण्याचा तो सोपा रस्ता आहे. शेळीच्या सडाचे छिद्र लहान असल्याने नळीचे टोकही जेमतेम आत घालावे. दूध किती दिवस वापरायचे नाही, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप बाहेरून लावायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून उपचाराला उशीर करू नये.

एका शेजाऱ्याच्या वाड्यावर पाहिलेली शेळी मला आजही आठवते. सकाळी नुसती मलूल होती; संध्याकाळी तिच्या कासेची एक बाजू जांभळट-निळी पडली होती, हाताला थंडगार लागत होती आणि सडातून लालसर पाणी येत होते. गरम कास दिसली की लोक धावपळ करतात, पण थंड कास त्याहून भयंकर, कारण तिथले मांस मरत असते. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूमुळे असे पुष्कळदा होते. अशा वेळी ती बाजू वाचवण्याचा विचार सोडून शेळी वाचवावी लागते. शिरेतून सलाईन, प्रतिजैविक व दाहशामक औषध तासाभराच्या हिशेबाने मिळावे लागते. ती शेळी जगली, तिची ती बाजू पुढे झडून गेली. याच जंतूचे विष दूध उकळूनही नाहीसे होत नाही, त्यामुळे गाठीचे दूध उकळून घरात वापरणे किंवा करडांना पाजणे टाळलेच पाहिजे.

उरलेल्या कळपासाठी धार काढण्याचा क्रम बदलावा: निरोगी शेळ्या आधी, आजारी शेवटी, मध्ये हात साबणाने धुतलेले. धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. करडांच्या तोंडाला मावा (फोड आणणारा संसर्गजन्य आजार) झाला असेल तर आईचे सड रोज पाहावेत, कारण तेथे पडलेल्या फोडांतूनच जंतूंना वाट मिळते. बाजारातून दुधाची शेळी घेतानाही कास आधी रिकामी करून मगच चाचपावी. भरलेल्या कासेत जुनी गाठ लपते.