सगळ्याजणी ‘एक’च दाबत होत्या

मार्चमधली सकाळ. डॉक्टरांचा फोन आला. “अहो, तुमच्या २२च्या २२ बायकांनी काल गोळी सोडली? काय चाललंय काय तिकडं?”

लॅपटॉप उघडला. खरंच, पडद्यावर २२ लाल ठिपके. आदल्या दिवसापर्यंत हेच ठिपके हिरवेगार होते. मधल्या रात्रीत मी एकच उद्योग केला होता, दोन आकड्यांची अदलाबदल. आधी बायकांना रोज जाणाऱ्या मशीनच्या कॉलवर आवाज यायचा, ‘बीपीची गोळी घेतली असेल तर एक दाबा, राहिली असेल तर दोन दाबा.’ मी ते उलटं केलं. राहिली असेल तर एक, घेतली असेल तर दोन. बायकांनी रोजच्यासारखं एक दाबलं आणि फोन ठेवला. ऐकलं कुणीच नव्हतं. त्यात माझी अम्माही होती.

म्हणजे तीन आठवडे जे हिरवे ठिपके बघून मी हरखून जात होते, ते ‘गोळी घेतली’चे नव्हते. ‘कटकट मिटव बाई एकदाची’चे होते.

मी सोलापूरच्या पूर्वभागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी आणि कन्नड. याचं आमच्याकडं कुणाला नवल नाही. नाना पॉवरलूमवर, अम्मा विड्या वळायची, अजून वळते. मी पुण्यात सात वर्षं मोबाइल ॲपचे पडदे आखले. माणूस ॲपमध्ये जास्तीत जास्त वेळ कसा रेंगाळेल हे बघायचा पगार मिळायचा. पगार चांगला होता, खोटं कशाला बोलू. मग एका शिबिरात अम्माचं बीपी १७०/१०० निघालं. मी घरून काम करायच्या निमित्तानं सोलापूरला आले ती इथंच राहिले.

उच्च रक्तदाबाची गंमत अशी की तो दुखत नाही. १४०/९०च्या वर सतत राहिला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांचं नुकसान होत राहतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोज गोळी खायची हे अम्माला पटण्यासारखं नव्हतंच. डोकं दुखलं की गोळी, नाही दुखलं की गोळी डबीत. शिबिरातून आणलेली महिन्याची गोळी तिनं तीन महिने पुरवली आणि वर मला सांगितलं, “बघ, किती वाचवल्या.”

मला वाटलं, हे तर आपल्या हातातलं काम. ॲप करू. पडद्यावर एक सोनेरी गोल, रोज गोळी घेतली की थोडाथोडा भरत जाणारा. सात दिवस सलग झाले की गोल पूर्ण, एक दिवस चुकला की तुटणार. पुण्यात अशा गोलांवर मी मिटिंगा गाजवल्या होत्या. अम्माला दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, “ही बांगडी का फुटली?”

आमच्या घरात बांगडी फुटली असं तोंडानं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. आणि मी बायकांना गोळी विसरल्याबद्दल फुटकी सोन्याची बांगडी दाखवणार होते! तो गोल त्याच दिवशी काढला. ॲपही फार टिकलं नाही. ते का टिकलं नाही हे कळायला एक दुपार अम्माच्या शेजारी बसावं लागलं, जे मी खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं.

विडी वळणाऱ्या बाईचे हात कधी मोकळे नसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हिशेब हजार विड्यांवर. एक मिनिट थांबलं की किती विड्या गेल्या हे अम्मा न मोजता सांगते. बोटं ओलसर, त्यावर तंबाखूची भुकटी. टचस्क्रीनला ती बोटं कळतच नाहीत. रेशनच्या मशीनवर अम्माचा अंगठा उमटत नाही, इतक्या वर्षांत रेषाच झिजल्यात. माझ्या गुळगुळीत बटणांची काय कथा. शिवाय स्मार्टफोन ‘घरातला’ असतो, म्हणजे मुलाचा. तो त्याच्याबरोबर सकाळी कारखान्यावर जातो. बाईकडं उरतो तो बटणांचा साधा फोन.

तेव्हा ठरलं, फोनच करायचा. रोज एक कॉल जाईल, मशीन विचारेल, बाई बटण दाबेल. ही कल्पना काही माझी नाही. आपल्या देशात क्षयरोगाच्या रुग्णांसाठी ९९डॉट्स नावाची पद्धत वापरली गेली. गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागं दडलेला फोन नंबर दिसतो, रुग्णानं त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत, स्मार्टफोन लागत नाही, आणि मिस्ड कॉल कसा द्यायचा हे भारतात कुणाला शिकवावं लागत नाही. गर्भवती बायकांना ठरलेल्या आठवड्याला ठरलेली माहिती आवाजात ऐकवणारा ‘एममित्र’ मुंबईतून ‘अरमान’ संस्थेनं चालवला. मी त्यांच्या वाटेवरून चालले, एवढंच.

आवाजावरून पहिला घोळ झाला. मी पैसे मोजून शुद्ध तेलुगूतला आवाज करून घेतला, “मात्र वेसुकुन्नारा?” गोळी घेतलीत का. शेजारची अक्का फोन कानाला लावून अदबीनं उठून उभी राहिली. “टीव्हीवरची बाई बोलली,” म्हणाली. आमचे आजे-पणजे तेलंगणातून आले, त्यात चार पिढ्यांचं मराठी आणि कन्नड मिसळलं. इथली तेलुगू म्हणजे “गोळी एसुकुन्नवा?” शेवटी त्याच अक्काचा आवाज घेतला. तिच्या मागं प्रेशर कुकरची शिट्टी आहे. ती मी मुद्दाम ठेवली.

दुसरा घोळ नंबराचा. कॉलची सेवा देणाऱ्या कंपनीनं दिलेला नंबर १४०नं सुरू होणारा, म्हणजे जाहिरातवाल्यांचा. तो कोण उचलणार? ०२१७नं सुरू होणारा, सोलापूरचा वाटेल असा नंबर मिळवायला सव्वा महिना गेला. त्यातली पत्रापत्री सांगत बसत नाही, माझंच बीपी वाढेल.

आणि मग नैतिकता समिती. आमच्या भागातले डॉक्टर एका कॉलेजशी जोडलेले, ते म्हणाले की लोकांच्या आजाराची माहिती गोळा करणार असाल तर परवानगी घ्यायची. मला ते सरकारी शिक्क्याचं काम वाटलं होतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा समितीत डॉक्टर असतात तसा एक कायद्याचा जाणकार असतो आणि एक साधा माणूसही, वैद्यकाशी संबंध नसलेला. त्या साध्या माणसानंच मला घाम फोडला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. “ही यादी विडी कारखान्याच्या हाती लागली तर?” आणि “बाईनं दोन दाबलं, तर पुढं काय होतं?”

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. नावं काढून टाकली, आकडे ठेवले, नावांची वही डॉक्टरांच्या कपाटात. दुसऱ्याचं उत्तर मी ऐटीत दिलं. दोन दाबलं तर एक मिनिटाची माहिती ऐकवली जाईल, गोळी का महत्त्वाची, मीठ कसं कमी करावं. ते म्हणाले, “म्हणजे खरं बोलणाऱ्याला भाषण?” सगळे हसले, मीही हसले. मंजुरी दुसऱ्या बैठकीत मिळाली. भाषण मात्र मी तसंच ठेवलं. आता ती गोष्ट आठवली की कानकोंडं व्हायला होतं.

संमतीपत्रं चार पानी. ती वाचता न येणाऱ्या बायकांना त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायचा असा नियम. ओट्यावर बसून मी तेलुगूत वाचत गेले, शेजारच्या शाळेतल्या बाई साक्षीला. अंगठे उमटेनात. एकीनं तीनदा शाई लावून दाबलं, तरी कागदावर नुसता काळा डाग. ती म्हणाली, “हाच माझा अंगठा, काय करलालीस कर.”

तर अशी सगळी तयारी होऊन कॉल सुरू झाले आणि ठिपके हिरवे झाले. शंका आली ती अम्माच्या डबीमुळं. महिना संपत आला तरी तिच्यात नऊ गोळ्या शिल्लक, आणि माझ्या पडद्यावर तिचा एकही दिवस चुकलेला नाही. म्हणून ती अदलाबदल केली, म्हणून डॉक्टरांचा फोन आला.

अम्माला विचारलं तर ती रागावली. “दोन दाबलं की ती अक्का किती वेळ बोलते! विड्या कोण वळणार? आणि मीठ कमी खा, मीठ कमी खा. शेंगाचटणीत मीठ नको तर कडक भाकरी काय कोरडी चावू?” जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. धाडस झालं नाही.

भाषण उडवलं. त्या जागी एवढंच ठेवलं, “बरं. का राहिली ते सांगायचं असेल तर सांग, नसेल तर फोन ठेव.” मग अर्धा मिनिट रेकॉर्डिंग. मला वाटलं, कोण बोलतंय मशीनशी. पहिल्याच आठवड्यात ११ जणी बोलल्या.

ते आवाज मी रात्री हेडफोन लावून ऐकले. एक म्हणाली, गोळ्या संपल्या, दवाखान्याच्या रांगेत बसलं की दिवसाची मजुरी जाते, शनिवारी जाईन. एक म्हणाली, ही गोळी सुरू झाल्यापासून संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून दिवसाआड घेते. आणि एक, फार हळू आवाजात, घरच्यांना ऐकू जाऊ नये अशी, “गोळी घेतली की सारखं लघवीला लागतं. कारखान्यात माल द्यायला रांगेत दोन तास उभं राहायचं. तिथं जायचं कुठं? म्हणून माल द्यायच्या दिवशी घेत नाही.” विड्या तर जवळजवळ रोजच द्यायच्या असतात.

विसरणारी त्यात एकही नव्हती, आणि मी पाच महिने आठवण करून देणारं यंत्र बनवत होते.

डॉक्टरांना ऐकवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. पाय सुजणं हा अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचा माहीत असलेला परिणाम, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं तर कामच ते. “मला समोर बसून या कधीच बोलल्या नाहीत,” ते म्हणाले. तपासणीच्या खोलीत दाराशी चार माणसं उभी, समोर पुरुष डॉक्टर, कसं बोलतील? एकीची गोळी त्यांनी बदलली, दुसरीची वेळ बदलली. रांगेतून आल्यावर, दुपारी. रात्री दिली तर झोपमोड होते, हेही तिनंच सांगितलं. ज्यांच्या गोळ्या संपत आल्या त्यांची यादी आता दर गुरुवारी आपोआप निघते आणि पाकिटं आधीच बांधून ठेवलेली असतात. रांगेत उभं राहायचं नाही, बीपी मोजायचं आणि न्यायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून शांत बसायचं असतं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. या पाच मिनिटांत गप्प बसवणं मला आजवर जमलेलं नाही.

आणखी एक बदल बायकांनी करवून घेतला. कॉल आला की फोन घरात जो असेल तो स्पीकरवर टाकतो, आणि ‘बीपीची गोळी’ सगळ्या वाड्याला ऐकू जाते. एका सुनेनं सासूला सांगितलेलंच नव्हतं. तर त्यांनी ओट्यावर बसून आपसात ठरवलं की अक्कानं गोळीचं नावच घ्यायचं नाही. नुसतं विचारायचं, “लेक्का अय्यिंदा?” हिशेब झाला का? विडीवालीला हे कुणीही विचारू शकतं. संशय येण्यासारखं त्यात काही नाही. हे नाव मला पुण्यातल्या कुठल्या मिटिंगमध्ये सात जन्मांत सुचलं नसतं.

आता ठिपके हिरवे-लाल असे मिसळलेले दिसतात आणि मला ते बघवतात. अम्मा आठवड्यातून एकदोनदा ‘राहिली’चं बटण दाबते आणि कारण सांगते. परवाचं कारण होतं, “लग्नाला गेले होते, पर्समध्ये ठेवली होती, पर्स नानांकडं होती.” खरं असावं.

पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या बायकांनी मागच्या महिन्यात विचारलं, आम्हाला कधी? लेक्क हा शब्द कन्नडमध्येही तोच, त्यामुळं अर्धं काम झालेलं होतं. त्यांच्यातल्याच एका मावशींनी आवाज द्यायचं कबूल केलं. घरात बसलो, दार लावलं, पंखा बंद केला. त्या उन्हात पंखा बंद करणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. मावशी दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा सूर लागला. “लेक्क आयतेन? आगिद्र एरडु ओत्तु, आगलिल्ल अंद्र...”

तेवढ्यात बाहेरून ओरडा आला, “पाणी आलं!” चार दिवसांनी आलेलं पाणी. मावशींनी माइक माझ्या हातात दिला आणि त्या गेल्याच. मीही गेले, दोन घागरी मीच भरल्या. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. रात्री ऐकलं तर अर्धं वाक्य आणि त्यापुढं सतरा मिनिटं नुसता बादल्यांचा आवाज. आता पुढचं पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बसायचं ठरलंय.