8,800 किलोमीटर आणि समोरचा वारा

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे, म्हणजे विमान कुठल्या रूटने जाणार, इंधन किती घेणार हे कॅप्टनबरोबर मिळून ठरवायचं काम. जानेवारीतला एक दिवस मला अजून तसाच्या तसा आठवतो. लॉस एंजेलिस ते टोकियो, बोइंग 777 विमान, सीट सगळ्या भरलेल्या.

निघायच्या तीन तास आधी कार्गोवाल्यांचा फोन, साडेतीन टन माल का उतरवायला सांगताय म्हणून. माणूस चिडलेला होता आणि त्याचा हिशोब सरळ होता, अंतर 8,800 किमी, वेग 900, भागलं की पावणेदहा तास, मग तुम्ही बारा तासांचं इंधन भरून आमचा माल का काढताय? मालात औषधं होती, ती एक दिवस मागे पडणार म्हटल्यावर कुणीही चिडेलच.

प्लॅन माझ्यासमोरच उघडा होता. वाऱ्याच्या रकान्यात एम झिरो एट फाइव्ह. एम म्हणजे मायनस, म्हणजे सबंध प्रवासात सरासरी 85 नॉटचा वारा समोरून, ताशी 157 किमी! हिवाळ्यात पॅसिफिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे असाच जोरात वाहतो. विमान हवेत 890 नेच चाललेलं असतं, पण ती हवाच उलटी धावतेय, त्यामुळे जमिनीवरून मोजलं तर वेग 730 च्या आसपास, झाले बारा तास. आणि विमानाच्या एकूण वजनाला मर्यादा असते, इंधन वाढलं की माल कमी करावा लागतो. हे सगळं मी त्याला सांगितलं, त्याला पटलंही, पण माल तर उतरणारच होता ना.

फोन ठेवला आणि मला चैन पडेना. वाऱ्याचा चार्ट परत काढला, जेट स्ट्रीमचा सगळ्यात जोराचा पट्टा बरोबर आमच्या सगळ्यात जवळच्या रूटवरच बसलेला, वर उत्तरेला, अलास्काच्या अल्युशन बेटांकडे मात्र वारा बराच मऊ. मग रूट तिकडून ओढून प्लॅन पुन्हा रन केला. अंतर 9,050, म्हणजे अडीचशे किमी जास्त, आणि वेळ साडेअकरा तास! अर्धा तास वाचला की 777 चं साधारण साडेतीन टन इंधन वाचतं, म्हणजे जेवढा माल उतरणार होता तेवढंच.

कॅप्टनना फोन लावला. त्यांनी अंतराबद्दल काहीच विचारलं नाही, पहिला प्रश्न कोल्ड बेच्या, म्हणजे अलास्कातल्या त्या बाजूच्या विमानतळाच्या, हवामानाचा. दोन इंजिनांचं विमान समुद्रावर असताना एक इंजिन बंद पडलं तर उतरायला वाटेत विमानतळ लागतो आणि त्या भागात तसे फार थोडे आहेत. हवामान मिनिमाच्या, म्हणजे उतरायला लागणाऱ्या किमान मर्यादेच्या, वर होतं, टर्ब्युलन्सही मध्यमच होता, मग म्हणाले चला, पाठवा.

माल सगळा गेला. विमान 11 तास 34 मिनिटांत उतरलं, तोवर मी घरी जायचं नाव काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच विमान परत येताना जेट स्ट्रीमच्या आत घालून आणलं, तेच दोन विमानतळ, पण नऊ तासांच्याही आत.