मटार विकणं आम्ही का सोडलं

डिसेंबर लागला की अजून दोन-चार फोन येतातच. "काकू, यंदा मटार काय भाव?" मी सांगते, गोठवलेला मटार आम्ही आता करत नाही, तुम्हीच घरी करा, कृती सांगते. समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. दुकानदारानं गिऱ्हाईक परत पाठवावं, हे कुणाला पटत नाही. आमच्या मोठ्या जाऊबाईंना तर अजून पटलेलं नाही.

सुरुवात मटारापासूनच झाली होती. आमच्या सासूबाई दर जानेवारीत गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून दहा किलो शेंगा आणायला लावायच्या. थंडीत जबलपूरकडचा माल येतो, भाव खाली असतो. घरातली सगळी टीव्हीसमोर बसून सोलायची. किलोभर शेंगांतून अर्धा किलोसुद्धा दाणा निघत नाही, त्यामुळे सोलणाऱ्याच्या नखांची वाट लागते. शेजारणी म्हणू लागल्या, आम्हालाही द्या. २०१४ साली जाऊबाई आणि मी मिळून एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला ३०० लिटरचा जुना डीप फ्रीझर घेतला. अन्नसुरक्षेची नोंदणी केली. उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत असली की तेव्हा १०० रुपयांत वर्षाची नोंदणी व्हायची. झाला आमचा उद्योग सुरू.

पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो. सासूबाई कच्चा दाणा तसाच पिशवीत भरून ठेवायच्या आणि तो होळीच्या आत संपायचा, म्हणून कुणाला कधी काही जाणवलं नव्हतं. आम्ही एप्रिलपर्यंत विकत होतो. एका ताईंनी पिशवीच परत आणली. "वहिनी, हा मटार आहे की गुरांचा चारा?" दाणा पिवळट झालेला, वास गवताचा, चव गेलेली. थंडीनं दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, मंदावतात, पण थांबत नाहीत. रंग, वास, गोडी हळूहळू खात राहतात. त्यांना थांबवायला आधी उकळत्या पाण्याचा चटका लागतो.

तेव्हापासून किलोभर दाण्याला आठ लिटर पाणी, खळखळून उकळलेलं. दाणा टाकल्यावर मिनिटाच्या आत पाणी पुन्हा उकळायला हवं, नाही तर दाणा जास्त झालाय असं समजायचं. पाणी उकळलं की तिथून दीड ते दोन मिनिटं, मग थेट बर्फाच्या पाण्यात. गार झाला की पंचावर पसरून कोरडा करायचा, ताटात एकेरी थर लावून गोठवायचा आणि मगच पिशवीत भरायचा. असं केलं की दाणा सुटा राहतो, पुलावाला मूठभर काढता येतो. पिशवीतली हवा काढायची, वर तारीख टाकायची. तारीख टाकायला सगळे विसरतात, आम्हीही विसरायचो.

दुसरी चूक हावरेपणाची. एकदा चाळीस किलो दाणा एकाच दिवशी फ्रीझरमध्ये कोंबला. मधला भाग गोठायला दोन दिवस लागले. माल सावकाश गोठला की बर्फाचे खडे मोठे होतात, पेशी फाटतात आणि शिजवताना दाण्याचा लगदा होतो. ३०० लिटरच्या फ्रीझरमध्ये दिवसाला दहा ते चौदा किलोच नवा माल टाकावा, हे शहाणपण अर्धा माल वाया घालवून आलं.

२०१७ च्या सुमाराला गिऱ्हाइकं कृती विचारू लागली. जाऊबाई म्हणाल्या, सांगू नकोस. मी नुसतं सांगितलंच नाही, तर चिठ्ठी छापून प्रत्येक पाकिटात टाकली. मला लाजच वाटायची. जानेवारीत तीस रुपयांनी मिळणाऱ्या शेंगा घरी सोलायच्या सोडून लोक आमच्याकडून तिप्पट भावानं का घेतात? पुढच्या वर्षी मटाराची विक्री निम्म्यावर आली. जाऊबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण त्याच गिऱ्हाइकांनी दुसरी कामं आणली. घरी फ्रीझर वापरायची सवय लागली तसं कुणी खवलेला नारळ मागू लागलं, कुणी पुरण. नारळ खवणं आणि पुरण वाटणं ही कामं कुणालाच नको असतात. आमचा धंदा आता त्यावर चालतो. नारळ आधी अर्ध्या किलोच्या गोळ्यात द्यायचो. लोक अख्खा गोळा वितळवायचे, लागेल तेवढा घ्यायचे आणि उरलेला पुन्हा गोठवायचे. ते चुकीचंच. आता १०० ग्रॅमची चपटी पाकिटं करतो. पटकन गोठतात आणि तुकडा मोडून घेता येतो. गणपतीत उकडीचे मोदकही देतो, ते बाहेर ठेवून वितळवायचे नाहीत. तसेच चाळणीवर ठेवून वाफवायचे, नाही तर पारी तडकते.

बटाट्याच्या सारणाची ऑर्डर आम्ही घेत नाही. उकडलेला बटाटा गोठला की रवाळ होतो आणि पाणी सोडतो. दही फुटतं. काकडीचं तर बोलायलाच नको.

एकदा पावसाळ्यात नऊ तास लाइट नव्हती. भरलेला फ्रीझर उघडला नाही तर दोन दिवस थंडी धरतो, पण घरातल्या पोरांना कोण सांगणार? जाऊबाई सरळ झाकणावर जाऊन बसल्या. जेवणाचं ताटसुद्धा तिथेच मागवलं.

टोमॅटोची गोष्ट २०२३ ची. मे महिन्यात भाव इतका पडला की शेतकरी माल रस्त्यावर ओतत होते. एका जुन्या गिऱ्हाइकानं नारायणगावहून दोन क्रेट आणले आणि धुऊन पुसून, देठ काढून, अख्खेच गोठवले. गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल हातात येते. कोशिंबिरीला तो चालत नाही, आमटीला आणि ग्रेव्हीला उत्तम. जुलैत भाव किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा त्या बाईंनी मला फोन करून तासभर ऐकवलं. कृती मीच दिली होती, हे त्या विसरल्या होत्या.

आज तीन फ्रीझर आहेत आणि हाताखाली दोघी जणी. मटार फक्त घरापुरता, दहा किलो. सासूबाई अजून सोलायला बसतात. मटाराची जुनी चिठ्ठी आम्ही नारळाच्या पाकिटात टाकतो. गेल्या वर्षी तिच्या मागच्या बाजूला टोमॅटोची कृती छापून आली. छापायला दिली होती जाऊबाईंनी, मला न विचारता.