तुम्ही विचारलंत म्हणून: कॅरोलचे फोटो मी अजून का दाखवतो

प्रत्येक स्लाइड शोनंतर कोणीतरी गाठतंच. 'सर, लुईस कॅरोलचे फोटो अजून का दाखवता, त्याच्याबद्दल वाचलं नाही का?' वाचलंय हो, तुमच्यापेक्षा जरा जास्तच.

'अ‍ॅलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या, ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या या माणसाने १८५६ साली कॅमेरा घेतला आणि १८८० पर्यंत साधारण ३००० निगेटिव्ह केल्या. त्याने काढलेला कवी टेनिसन दाखवला की सगळे माना डोलावतात, लहान मुली आल्या की खुर्च्या कुरकुरतात. त्यात काही फोटो बिनकपड्यांचे होते हेही मीच आधी सांगून टाकतो, कोणी पकडायच्या आत.

दोन वर्षांपूर्वी मी रंगात आलो होतो. पडद्यावर १८५८ ची अ‍ॅलिस, म्हणजे जिच्यासाठी ती गोष्ट रचली ती खरी मुलगी, फाटक्या कपड्यांत, भिकारीण बनवलेली. मी सांगतोय, काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, काच ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचा, एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं, म्हणून पोरांनी हलू नये यासाठी तो गोष्टी सांगायचा. इथे लोक नेहमी हसतात. त्या दिवशी मागून एक बाई म्हणाल्या, 'हे कपडे घालशील का, असं तिला कोणी विचारलं होतं?'

'आईवडिलांची परवानगी असायची.'

'मी तिचं विचारतेय.'

मी घड्याळ बघितलं आणि बटण दाबलं. टेनिसन आला. इतका मूर्ख मी आयुष्यात कधी दिसलो नसेन.

घरी आलो आणि कपाटातून लेकीचा फॅन्सी ड्रेसचा फोटो काढला. वासुदेव केलं होतं तिला, मोरपिसांची टोपी, डोळ्यांत पाणी. 'हलू नकोस' म्हणून ओरडणारा मीच. लगेच निष्कर्ष काढू नका, त्याचं आणि माझं एक नाही. पण नाहीच, असं छातीठोक सांगताही येत नाही.

पूर्वी मी एक हुकमी पत्ता टाकायचो. म्हातारपणी अ‍ॅलिसने सांगितलं होतं की फोटो काढून घेण्यापेक्षा अंधारखोलीत काचेवर चित्र उमटताना बघण्यात जास्त मजा यायची. बघा, खूश होती की पोरगी! आता तेच वाक्य वाचलं की वाटतं, अरे गाढवा, ही साक्ष अंधारखोलीची आहे, खुर्चीची नाही. मग परत वाटतं, तिला मजा आली असेल तर ती नाकारणारा मी कोण?

ती स्लाइड अजून आहे. फक्त तिच्यामागून टेनिसन येत नाही, एक कोरी स्लाइड ठेवलीय. लोकांना वाटतं प्रोजेक्टर बिघडला.