तुम्ही विचारलंत म्हणून : लेखकाची भाषा येत नसेल, तर महोत्सवात ऐकायचं काय?

‘लेखक फिनिश नाहीतर पोर्तुगीजमध्ये लिहिणारा. पुस्तक वाचलेलं नाही, भाषा येत नाही. मग त्याला ऐकायला जाऊन कळणार काय?’ युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेले मराठी वाचक हा प्रश्न नेहमी विचारतात.

कळतं, आणि पुष्कळ कळतं. सभागृहातल्या बहुतेकांना लेखकाची भाषा येत नाही, हे धरूनच अशी सत्रं बांधलेली असतात. तुम्हाला यायला हवी ती भाषांतराची भाषा. म्हणून आधी कार्यक्रमपत्रिका उघडा आणि वाचन कोणत्या भाषेत आहे, गप्पा कोणत्या भाषेत आहेत, दुभाषा आहे का, एवढं पाहून घ्या.

प्रागची ‘नोत्स लितेरातुरी’, म्हणजे साहित्याची रात्र, चेक सेंटर्स या चेक सरकारच्या सांस्कृतिक संस्थेने 2006 मध्ये सुरू केली. शहरातला एखादा भाग निवडायचा, एरवी आत जाता येत नाही अशा वास्तू उघडायच्या आणि तिथे चेक नट-नट्यांनी नव्या युरोपीय पुस्तकांच्या चेक भाषांतरांतले उतारे वाचायचे, अशी ही रात्र. वाचन दहा-पंधरा मिनिटांचं. दर अर्ध्या तासाने तेच वाचन पुन्हा होतं आणि मधल्या वेळात श्रोते चालत पुढच्या ठिकाणी जातात. लिस्बनची युरोपीय साहित्याची रात्रही याच धर्तीवर चालते. चार तासांत आठ वाचनं होतील असा हिशेब कागदावर जमतो, पण पाच धरून चला. खोली लहान असते, ती भरली की पुढच्या अर्ध्या तासाची वाट पाहावी लागते. नकाशावर जवळजवळ असलेली ठिकाणं निवडली तर ही ओढाताण वाचते.

दुसरी पद्धत 2001 पासून भरणाऱ्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात दिसते, जिथे युरोपाबाहेरचेही लेखक येतात. लेखक मूळ भाषेत वाचतो, नट जर्मन भाषांतर वाचतो आणि सूत्रसंचालक दोघांमधली गप्पांची बाजू सांभाळतो. मूळ भाषेतलं वाचन दोन-तीन मिनिटांचं असावं. त्या वेळी अर्थ शोधू नका. लेखक कुठे थांबतो, वाक्य किती लांबवतो, गमतीच्या जागी आवाज चढवतो की उतरवतो, तेवढं ऐका. मग भाषांतर सुरू झालं की तीच लय त्यात उतरली आहे का, हे तुमचं तुम्हाला कळतं. मूळ वाचन पाच मिनिटांपलीकडे गेलं की मात्र श्रोते हातातून निसटतात.

खरी कसोटी उताऱ्याच्या निवडीची. इंग्रजीत मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण 130 ते 150 शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांना चौदाशे शब्द पुरे. तेवढ्यात एक प्रसंग पुरा व्हावा, पात्रं दोन, फार तर तीन असावीत. रशियन किंवा पोलिश कादंबरीत एकाच माणसाला पूर्ण नावानेही हाक मारतात आणि लाडक्या नावानेही. अलेक्झांडरचा साशा झाला की ऐकणाऱ्याला वाटतं, नवीन माणूस आला. वाचणाऱ्याला पान उलटून खात्री करता येते, ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून वाचनाच्या प्रतीत एकच नाव ठेवावं किंवा सूत्रसंचालकाने आधीच सांगून टाकावं.

पडद्यावर भाषांतर दाखवत असतील तर हमखास होणारी चूक म्हणजे लेखक ऐनवेळी एक परिच्छेद गाळतो. पडदा चालवणारा मागे राहतो आणि पुढचं सगळं विस्कटतं. यावर उपाय साधा आहे: काटछाट आदल्या दिवशी करायची आणि लेखक, नट, पडदा चालवणारा या तिघांच्या हातात अगदी एकसारखी प्रत द्यायची. दुभाष्यालाही तीच प्रत लागते. छापलेला मजकूर समोर नसताना साहित्यिक वाक्य तत्काळ दुसऱ्या भाषेत सांगणं चांगल्या दुभाष्यालाही झेपत नाही.

एकच सत्र निवडायचं झालं, तर आमचं मत अनुवादकांच्या जुगलबंदीला. दोन अनुवादक एकमेकांचं न पाहता एकाच उताऱ्याचं भाषांतर करून आणतात आणि मंचावर ओळीओळीने ताडून पाहतात. इथे कुणी जिंकत-हरत नाही. उतारा पानभराहून मोठा नसावा, कारण तासाभरात अर्धं पानही पुरून उरतं. मूळ आणि दोन्ही भाषांतरं श्रोत्यांच्या हातात कागदावर हवीत; नुसतं ऐकून फरक ध्यानात राहत नाहीत.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट चटकन दिसते. जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’, फ्रेंचमध्ये ‘वू’ आणि ‘त्यू’. दोन माणसं ‘झी’वरून ‘डू’वर आली की त्यांच्यातलं अंतर मिटतं, जसं आपल्याकडे ‘अहो’चं ‘अरे’ होतं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे इंग्रजी अनुवादकाला तो क्षण दुसऱ्या कशाने तरी भरून काढावा लागतो. आणि त्या इंग्रजीवरून मराठी केलं, तर तू कुठे आणि तुम्ही कुठे याचा अंदाजच बांधावा लागतो. मराठीत जे सहज येऊ शकलं असतं, तेच वाटेत सांडतं. पुण्याचं ‘केल्याने भाषांतर’ हे नियतकालिक मूळ भाषेतून थेट मराठीत आणण्याचा आग्रह धरतं, त्याचं मोल इथे कळतं.

म्हणून पत्रिकेत अनुवादकाचं नाव असलेली सत्रं आधी निवडा. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचे 50,000 पौंड 2016 पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. मंचावरही दोघांना सारखी खुर्ची मिळायला हवी. प्रश्नोत्तरांत ‘भाषांतर अवघड गेलं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ एवढंच येईल. ‘या पानावरचा हा शब्द आधी काय ठेवला होता, आणि का बदललात?’ असं विचारा. त्यासाठी पुस्तक हातात लागतं, तेव्हा ते सत्राआधीच घ्या. छोट्या प्रकाशकाने प्रती मोजक्याच आणलेल्या असतात, आणि सत्र संपल्यावर टेबलाशी पोचेपर्यंत त्या संपतात.